काकांचा अर्ज

वाचकहो, झाशी जिल्ह्यातील गुरसराय हे गाव आपणांपैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. छत्रसालाने आपल्या राज्याचा हिस्सा बाजीराव पेशव्यांना दिला, त्यानंतर अनेक मराठी घराणी बुंदेलखंडात आली व काही तेथेच रुजली. माझ्या काकांचे घर त्यांपैकीच एक. माजघरात मराठी, अंगणात बुंदेली, असा त्या घराचा रिवाज.

काका एका आडत्याकडे जमाखर्च लिहीत आणि घरची थोडीशी शेती पाहत. काही वर्षांपूर्वी गव्हाच्या मळणीत त्यांचा उजवा हात थ्रेशरमध्ये सापडला व कोपराखाली काढावा लागला. लिहिणारा हात गेला, त्याबरोबर नोकरीही गेली. काकूंचे पत्र आले, "तू कागदांतला माणूस, येऊन अर्ज तेवढा भरून दे." सरकारी मजकुराचे भाषांतर करण्यातच माझे दिवस जातात. मला वाटले, एका दुपारचे काम आहे.

परंतु काका कागदाला शिवेनात. म्हणाले, "एक हात गेला तो गेला, उरलेला पसरायला लावू नकोस."

मी त्यांना संविधानातील ४१ वे कलम समजावून सांगितले. बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व या प्रसंगी नागरिकास साहाय्य मिळावे, यासाठी राज्याने आपल्या आर्थिक मर्यादेत तरतूद करावी, असे ते सांगते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ ऐवजी २१ प्रकार मानले, हेही सांगितले. काका ऐकत राहिले, बोलले नाहीत. अखेर सूप बाजूला ठेवून काकूच म्हणाल्या, "माझे दोन्ही हात तुमच्यासाठी राबतात, त्याची लाज वाटत नाही ना? मग सरकारचा एक हात का टोचावा?" काकांनी चष्मा मागितला.

पुढचा मार्ग सोपा नव्हता. पहाटेच्या बसने झाशी, तेथे वैद्यकीय तपासणी, मग प्रमाणपत्र. उत्तर प्रदेशाच्या अनुदानास किमान ४० टक्के अपंगत्व लागते. केंद्राच्या २००९ पासूनच्या योजनेची अट तर ८० टक्क्यांची. त्यानंतर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे पुस्तक. सारे जमवून मी अर्ज भरला आणि समाधानाने परतलो.

तीन महिन्यांनी कळले की, अर्ज परत आला आहे. वाचकहो, दोष कोणत्याही कारकुनाचा नव्हता; तो माझा होता. आधारपत्रावर काकांचे नाव हिंदी वळणाने, एका मात्रेच्या फरकाने लिहिलेले होते. संपादकाच्या सवयीने मी ते अर्जात 'शुद्ध' करून टाकले. माझ्या त्या एका मात्रेपायी त्या घराचे तीन महिने वाया गेले. मी आजवर किती मात्रा सुधारल्या असतील! परंतु एखाद्या मात्रेवर कोणाचे मीठ-पीठ अवलंबून असते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मी काकांची क्षमा मागितली. ते हसून म्हणाले, "अरे, आडत्याच्या वहीत माझ्याही चुका निघत. पुन्हा लिही."

दुसऱ्या खेपेस नाव जसे होते तसेच लिहिले. अंगठा चालला असता. पण काकांनी मधल्या काळात डाव्या हाताने सही गिरवली होती. अक्षर लहान मुलासारखे होते, तरी ते त्यांचे होते.

उत्तर प्रदेशात हे अनुदान २०२१ च्या अखेरीस महिना ५०० रुपयांवरून १,००० करण्यात आले. एवढ्यात घर चालत नाही, हे काकू मला सांगतात आणि ते खरेच आहे. पण पहिला हप्ता आला त्या दिवशी काकांनी जुनी वही काढून डाव्या हाताने लिहिले, 'जमा रु. १,०००'. त्या दिवसापासून घरचा जमाखर्च पुन्हा तेच लिहितात.

आपल्या आळीतही असे कोणी असेल. त्यांच्याकडे जा, अर्ज भरून द्या. साऱ्या कागदांवरील नाव अक्षरशः एकच आहे ना, ते पाहा, आणि पोचपावती जपून ठेवा. मात्र त्याआधी घटकाभर त्यांच्याजवळ बसा. कारण पहिली अडचण बहुधा कागदाची नसते.