आव्वाज कुणाचा? पेठेचा!

मॅन यू, चेल्सी, बार्सा... टीव्हीवरच्या टीमसाठी घसा बसवून झाला असेल, तर एक वीकएण्ड कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला द्या. ‘होम मॅच’ म्हणजे काय चीज असते, ते तिथे कळतं!

तुमची होम टीम कोणती? ऑफिसातल्या लंच टेबलवर हा प्रश्न टाकून बघा. मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, बार्सिलोना... धडाधड उत्तरं येतात. गंमत म्हणजे उत्तर देणाऱ्यांपैकी एकाचंही होम त्या स्टेडियमच्या हजार किलोमीटरच्या आत नसतं!

मी तर पडलो वाशिम जिल्ह्यातला. कारंजा लाडचा. आमचा जिल्हाच मुळात माझ्याहून धाकटा, १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके, नजर जाईल तिथपर्यंत सोयाबीन आणि सुट्टीच्या दिवशी टेनिस बॉल क्रिकेट. फुटबॉलची होम टीम वगैरे लाड आमच्याकडे नव्हते. त्यामुळे नोकरीसाठी पुण्यात आल्यावर मीही सगळ्यांसारखी एक इंग्लिश टीम दत्तक घेतली. जर्सी घेतली, मध्यरात्रीच्या मॅचेससाठी जागलो, बाणेरच्या स्पोर्ट्स बारमध्ये स्क्रीनकडे बघून घसा खरवडला. स्क्रीनला काय, ऐकू थोडंच येतं?

मध्ये पुण्याला स्वतःची टीम मिळाली होती. २०१४मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि तिच्यासोबत एफसी पुणे सिटी. बालेवाडीला मॅचेस, ‘ऑरेंज आर्मी’ नावाचा फॅन क्लब, ढोल, झेंडे, सगळं झकास! पण २०१९मध्ये क्लब बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबादची टीम आली. म्हणजे आपल्या भाड्याच्या फ्लॅटसारखंच. ॲग्रीमेंट संपलं, टेम्पो बोलावला, निघाले. मागे राहिले ते झेंडे घेतलेले फॅन्स.

मी हे रडगाणं गात बसलो होतो तेव्हा माझा कोल्हापूरकर रूममेट शांतपणे म्हणाला, “भावा, एकदा आमच्यात शाहू स्टेडियमला ये. मग बोल.”

वाडीला आई, गॅलरीत मी

निमित्तही आयतं मिळालं. आमच्या कारंज्याचं आणि कोल्हापूरकडचं नातं फार जुनं आहे. नृसिंह सरस्वतींचा जन्म कारंज्याचा आणि त्यांचं बारा वर्षांचं वास्तव्य नृसिंहवाडीचं, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. त्यामुळे कारंजेकरांना ‘वाडी’ हे दुसऱ्या घरासारखं. आई-बाबा मूर्तिजापूरला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसले, मी पुण्याला चढलो. मिरजेला उतरून आम्ही वाडी गाठली. दर्शन झालं, पेढे-बासुंदी झाली. दुसऱ्या दिवशी आई वाडीच्या घाटावर रमली आणि मी कोल्हापूरची एसटी पकडली.

“फुटबॉल बघाले एवढ्या दूर?” आईचा वऱ्हाडी प्रश्न. उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

तालमीचा फुटबॉल

कोल्हापूरच्या फुटबॉलची पहिली गंमत म्हणजे टीम्सची नावं. युनायटेड नाही, सिटी नाही, एफसी तर नाहीच. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब... तालीम म्हणजे जिथे लाल मातीत जोर-बैठका काढायच्या ती जागा! शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला राजाश्रय मिळाला, पेठापेठांतल्या तालमी फुलल्या. याच तालमींच्या पोरांनी पुढे फुटबॉलला पाय लावला आणि पेठेचा सगळा अभिमान मैदानात उतरला.

मॅचच्या आधी रूममेटने मला मुद्दाम खासबागेत नेलं. शाहू महाराजांनी युरोपात पाहिलेल्या रोमन रंगमंडलांवरून कल्पना घेऊन इथलं कुस्तीचं मैदान उभं केलं, १९१२मध्ये ते पूर्ण झालं. मध्ये हौदा आणि चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक, कुठेही बसा, पैलवान दिसणारच. त्याच्या पाठीला पाठ लावून केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४च्या आगीत ते जळालं, तेव्हा अख्खं कोल्हापूर हळहळलं होतं. तिथून स्टेडियमला चालत जाता येतं. म्हणजे बघा, नाटक, कुस्ती आणि फुटबॉल, तिन्ही एकाच परिसरात! दाद कशी द्यायची, हे या गावाला नव्याने शिकवावं लागत नाही.

स्टेडियमच्या बाहेर पहिल्यांदा कानावर आली ती हलगी. कुस्तीच्या मैदानात हलगी, घुमकं आणि कैताळ वाजतं, तोच ठेका. पेठेतून एक घोळका नाचत येत होता. खांद्यावर पोरं, हातात झेंडे, गाड्यांचे हॉर्न. “आत वाजवू देतील?” मी विचारलं. “ते आजच्या बंदोबस्तावर,” रूममेट म्हणाला. “न्हाई वाजवू दिलं तर हात हाईत की!”

“कुणाकडनं?”

मॅच कोणाची होती, हे मी मुद्दाम सांगत नाहीये. मला पुन्हा कोल्हापुरात जायचंय! एवढंच सांगतो की दोन्ही पेठा एकमेकींपासून फार लांब नव्हत्या.

तिकीट मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नपेक्षाही स्वस्त. आत कुशनच्या खुर्च्या नाहीत, पायऱ्यांची गॅलरी. वर्तमानपत्र अंथरून बसायचं, खारे शेंगदाण्यांची पुडी सोडायची. शेजारी साठीचे एक काका होते. डोक्यावर टोपी, हातात घडी केलेली छत्री.

“कुठलं पावणं?”

“वाशिमचा, काका.”

“वाशी?”

“वाशी नाही, वाशिम. तिकडे अकोल्याजवळ.”

“बरं बरं. मग कुणाकडनं?”

म्हणजे कुठल्या टीमचा. मी म्हटलं, मी काय, कुणाकडूनच नाही, फक्त बघायला आलोय. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नात जेवायला येऊन ‘वधूकडचा पण नाही, वराकडचा पण नाही’ म्हणालो! “असं चालत न्हाई. हितं बसलाय म्हंजे आमच्याकडनं.” झालं. मेंबरशिप फॉर्म नाही, जर्सी नाही, क्रेडिट कार्ड नाही. बूड टेकलं की टीम मिळाली.

मॅच सुरू झाली आणि कळलं की इथे लाऊडस्पीकरची गरजच नाही. आमच्यापासून चार पायऱ्या खाली एक पोरगा उभा होता, मैदानाकडे पाठ करून! तो मॅच बघतच नव्हता. तो आमच्याकडे तोंड करून तालमीचं नाव पुकारायचा, आम्ही ते परत द्यायचं. मग टाळ्यांचा ठेका, मग शिट्ट्या, मग पुन्हा नाव. समोरच्या गॅलरीतून लगेच उलट उत्तर यायचं. लांबलचक गाणी नाहीत, कडवी नाहीत. एक नाव, एक ठेका, आणि तो वाढवत वाढवत असा टिपेला न्यायचा की अंगावर काटा! ज्यांनी पुण्यात ‘पुरुषोत्तम’ची फायनल ऐकलीय त्यांना ही जादू माहीत आहे. ‘अरे आव्वाज कुणाचा’ला जे होतं ना, तेच. फक्त इथे नाट्यगृहाचं छप्पर नाही आणि वय सात ते सत्तर.

पण खरी मजा घोषणांच्या मधल्या जागेत आहे. उजव्या बगलेतून एक बारीकसा पोरगा बॉल घेऊन सुसाट निघाला, तशी गॅलरी त्याला नावाने हाका मारायला लागली. जर्सीवरच्या नावाने नाही, घरातल्या नावाने! काका माझ्या कानाशी ओरडले, “ह्यो आमच्या गल्लीतला. माझ्या खिडकीची काच ह्यानंच फोडलीया!” त्या पोराने क्रॉस चुकवला, तेव्हा सगळ्यात मोठी शिवी काकांचीच. आणि तो पायात गोळा येऊन पडला, तेव्हा छत्री आपटत उभे राहिलेही काकाच.

माझ्या लाडक्या इंग्लिश टीमच्या विंगरने माझी काच कधीच फोडलेली नाही. फरक कळला तो इथे.

ॲनफिल्ड ते मानोरा

लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर मॅचच्या आधी सगळं स्टेडियम एका सुरात ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ गातं, हे आपण टीव्हीवर पाहतो. ते मूळचं फुटबॉलचं गाणं नाहीच. १९४५च्या ‘कॅरोसेल’ या अमेरिकन संगीत नाटकातलं ते गाणं १९६३मध्ये लिव्हरपूलच्याच एका बँडने नव्याने गायलं, गाजवलं आणि तिथल्या गॅलरीने उचललं. थोडक्यात काय, लोक कोऱ्या पाटीने स्टेडियममध्ये येत नाहीत. गावात जे वाजतं, तेच गॅलरीत वाजतं. लिव्हरपूलला रेडिओवरचं गाणं, कोल्हापूरला कुस्तीची हलगी.

आणि वाशिमला? पायरीवर बसल्या बसल्या मला आठवली लेंगी. आमच्या मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांवर होळीच्या दिवसांत डफावर लेंगी रंगते. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. चिडवाचिडवी असते, सवाल-जवाब असतात आणि रात्र सरते तरी घसे थकत नाहीत. मैदानाकडे पाठ करून उभा राहिलेला तो पोरगा तेच तर करत होता! रामनवमीला पोहरादेवीला लोटणारी गर्दी ज्याने पाहिलीय, त्याला आमच्या जिल्ह्यात आवाज कमी आहे असं कुणी सांगू नये. त्या आवाजाला अजून कुणी एखादी टीम जोडून दिलेली नाही, इतकंच.

शिट्टी आणि शिवी

सगळं गोड गोड लिहायला मलाही आवडलं असतं. पण सेकंड हाफमध्ये एक वेळ आली. समोरून काहीतरी आलं, आमच्या मागच्या पायऱ्यांवरून त्याला उत्तर गेलं, आणि ते पेठेवरून घरावर, घरावरून आई-बहिणीवर घसरलं. ठेका तोच, आवाज तेवढाच. पण बंदोबस्तावरचे पोलीस उठून उभे राहिले. काकांनी टाळ्या थांबवल्या. “ह्यात आपण न्हाई,” एवढंच म्हणाले आणि शेंगदाण्याची पुडी माझ्याकडे सरकवली.

कोल्हापूरच्या फुटबॉलची ही दुखरी नस आहे. इथे मैदानात बाटल्या आल्यात, मॅचनंतर दगड उडालेत, सामने थांबवावे लागलेत. त्यात नुकसान कुणाचं होतं? दगड मारणाऱ्याचं नाही. ज्याने काच फोडली होती, त्या पोराचं होतं. त्याला हे मैदान म्हणजे एकच मोठी संधी असते. २०१७मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. असा एखादा इथून वर जातो, तेव्हा मागे राहिलेल्या शंभर पोरांना बुटांसाठी घरी पैसे मागायचं धाडस येतं.

आणि गर्दी बिथरली की काय होतं, हे कोलकात्याला विचारा. १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. गॅलरीत मारामारी, चेंगराचेंगरी आणि १६ प्रेक्षकांचा मृत्यू. मॅच बघायला गेलेली माणसं घरी परतलीच नाहीत.

म्हणून मला काकांचं ते टाळ्या थांबवणं फार मोठं वाटलं. पोलीस शिवी थांबवू शकत नाहीत. बंदी घातली, तर शिवीबरोबर हलगीही बंद होते. गॅलरीतल्यांनीच हात खाली घेतले तर मात्र घोषणा आपोआप विरते. त्या दिवशी ती विरली. पाच मिनिटांनी त्या पाठमोऱ्या पोराने पुन्हा नुसतं तालमीचं नाव पुकारलं आणि काका सगळ्यांत आधी उठले.

रिझल्ट? आम्ही हरलो. ‘आम्ही’ म्हणतोय, लक्षात आलं ना?

या दिवाळीत कारंज्याला गेलो की आमच्या वॉर्डाच्या टीमची मॅच बघायला जाणार आहे. टेनिस बॉल क्रिकेट असो नाहीतर कबड्डी. आजवर मी कुंपणाला टेकून मोबाइल बघत उभा राहायचो. या वेळी बूड टेकून बसणार, आणि कुणी परका शेजारी आला तर त्याला विचारणार, “कुणाकडून, भाऊ?”

जायचंय?

कधी : साधारण डिसेंबर ते उन्हाळा हा सीझन. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची लीग आणि त्यानंतर वेगवेगळ्या चषकांच्या स्पर्धा. वेळापत्रक स्थानिक पेपरात येतं. मोठी मॅच दुपारी चारच्या आसपास, पण जागा हवी तर लवकर पोहोचा.

कसं : पुण्याहून हायवेने साधारण २३० किलोमीटर. विदर्भातून महाराष्ट्र एक्स्प्रेस बेस्ट.

काय खाल : मॅचआधी मिसळ, मॅचनंतर खासबागेजवळच्या खाऊ गल्लीत भेळ. तांबडा-पांढरा रात्रीसाठी राखून ठेवा.

काय न्याल : टोपी, पाण्यासाठी सुटे पैसे आणि ठणठणीत घसा. लाडक्या युरोपियन क्लबची जर्सी मात्र हॉस्टेलवरच ठेवा. कुणी काही बोलणार नाही, पण “कुणाकडनं?” विचारलं की पंचाईत होते!