पाहिलं तेवढंच

मंडळीत 'साक्ष' द्यायला उभं राहिलं की गोष्ट ठरलेली असते: आधी अंधार, मग प्रभू, मग उजेड. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त ते इतकं सोपं नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली ताटातूट, रडणं, राग त्यांनी लपवला नाही. म्हणूनच त्यांची श्रद्धा खरी वाटते.

आमच्या वेळापुरात माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो. एका वारीत आमच्या ओट्यावर टेकलेल्या आजींनी विचारलं, "लेकरा, तुला येशूत काय गावलं?"

"वडील गेले तेव्हा प्रार्थनेनं दुःख हटलं नाही, आजी. पण रात्र एकट्यानं काढावी लागली नाही."

आजींनी मान हलवली. त्यांना पटवायचं नव्हतंच मला. साक्षीदारानं पाहिलं तेवढंच सांगायचं असतं.