पैनगंगेअलीकडची रात्र

आम्हा गोवेकरांना थंडी म्हणजे कौतुकाची गोष्ट. डिसेंबरात पहाटे जरा गार वाटलं, की आमच्या ऑफिसात एकेकाचे ठेवणीतले स्वेटर बाहेर येतात आणि दिवसभर दुसरा विषय नसतो. खरी थंडी मला भेटली ती आदिलाबादला, आणि तीही ट्रकच्या केबिनमध्ये!

त्याचं असं झालं. गेल्या हिवाळ्यात एका कामासाठी हैदराबादला गेलो होतो. पुढे नागपूरला लग्न होतं. नेमका माझा मावसभाऊ माल घेऊन हैदराबादहून नागपूरला निघाला होता. म्हणाला, "दादा, चल माझ्याबरोबर. गाडीचं तिकीट कशाला काढतोस?" पंचेचाळिशी उलटलेल्या सरकारी कारकुनाच्या आयुष्यात साहस ते कितीसं असणार? निघालो.

हा माझा भाऊ मूळचा खाणीवरचा ड्रायव्हर. डिचोलीच्या खाणीतला माल धक्क्यावर नेऊन ओतायचा आणि रात्री घरी जेवायला हजर. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मध्यंतरी थोड्या सुरू झाल्या, त्या मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. आता काही चालू झाल्या आहेत म्हणा, पण तोवर त्याचा ट्रक विकला गेला होता. तेव्हापासून तो दुसऱ्याच्या ट्रकवर लांबच्या वाटेला लागला. खाणग्रस्तांच्या अर्जांचे गठ्ठे मीही त्या काळात हाताळले. अर्जदाराचं नाव, गाडीचा नंबर, बँकेचा खाते क्रमांक... सगळे रकाने तपासले. पण हा माणूस आता झोपतो कुठे, हा रकाना कुठल्याच अर्जात नव्हता आणि मीही कधी विचारलं नाही.

राष्ट्रीय महामार्ग ४४, म्हणजे पूर्वीचा ७. निर्मळ मागे पडलं, घाट चढलो आणि हवा बदलली. आदिलाबाद हा तेलंगणातल्या सर्वांत थंड जिल्ह्यांपैकी एक. थोडं पुढे पैनगंगा, तिच्यापलीकडे आपला यवतमाळ जिल्हा. आम्ही थांबलो त्या धाब्यावरचा पोरगाही मराठीच बोलला, "काका, पिठलं देऊ का?" परमुलखात मराठी कानी पडल्यावर बरं वाटलं, पण अंगातली हुडहुडी काही त्याने जाईना.

जेवून केबिनमध्ये चढलो. सीटमागे एक फळी, तिच्यावर गादी आणि गादीवर मावशीने शिवलेली वाकळ. ती मी लगेच ओळखली. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेलो की असल्याच वाकळेत आम्ही दोघे झोपायचो. भावाने पुढच्या काचेला आतून पुठ्ठे लावले, पडदे ओढले. काच आणि पत्रा, यांच्यातून ऊब बघता बघता निघून जाते म्हणे.

मी विचारलं, "इंजिन चालू ठेव ना थोडा वेळ. हीटर चालेल."

तो हसला. "दादा, उभ्या गाडीला तासाला दीड लिटर डिझेल लागतं. आठ तासांचे बारा लिटर. मालक किलोमीटरवर हिशेब लावतो, वरचं माझ्या पगारातून जातं."

बारा लिटर म्हणजे हजार-अकराशे रुपये. एवढ्यात कुठल्याही लॉजवर खोली मिळाली असती! पण गाडी सोडून जायचं कसं? टाकीतलं डिझेल चोरीला जातं, मालाला पाय फुटतात. पंपांवर तेल कंपन्यांची 'अपना घर' नावाची विश्रांतिगृहं आहेत, पण ती सोयीच्या जागी मिळायला हवीत आणि गाडी नजरेसमोर हवी.

मग माझ्यातला कारकून जागा झाला. मोबाईलच्या उजेडात हिशेब मांडला. ट्रकला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट मिळतात. शंभर अँपिअर-तासांची जोडी धरली तर २४०० वॅट-तास. सकाळी गाडी सुरू व्हायला हवी, म्हणून निम्मेच वापरायचे, म्हणजे १२००. हजार वॅटचा विजेचा हीटर लावला तर सव्वा तासात खेळ खलास! वीस वॅटचा पंखा मात्र आठ तासांत १६० च खातो. साठ वॅटचं विजेचं पांघरूण असतं तर ४८० मध्ये रात्र निघाली असती. थोडक्यात, हवा तापवणं परवडत नाही, अंग उबदार ठेवणं परवडतं. आपल्या आज्या हे वाकळ शिवून कधीच सांगून गेल्या आहेत.

थंड देशांत यावर वेगळा उपाय आहे. डिझेलवरचा छोटा हीटर, जर्मन कंपन्या तो कित्येक वर्षं बनवतात. इंजिन बंद, आणि पूर्ण जोरात चालला तरी तासाला पाव लिटरच्या आसपास डिझेल. मुख्य म्हणजे त्याच्या जळण्याची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो. कॅलिफोर्नियात तर २००८ पासून झोपायच्या केबिनच्या ट्रकांनाही पाच मिनिटांहून जास्त इंजिन नुसतं चालू ठेवायला मनाई आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण तो एसी चालतो इंजिनावर. चालवणाऱ्याची सोय झाली, झोपणाऱ्याची राहिली.

"इथले ड्रायव्हर मग करतात काय?" मी विचारलं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. "घमेल्यात निखारे घेतात. दादा, मीही घेतले होते, दोन वर्षांमागे. काचा बंद. मध्यरात्री जाग आली तर डोकं फुटतंय आणि पाय उचलेना. कसंबसं दार उघडलं नि खाली पडलो. क्लीनर आतच होता, हाक मारली तरी उठेना. पाय धरून ओढून काढला त्याला. आईला सांगू नकोस."

निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साईड. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. झोपेत माणसाला कळतही नाही. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. पण ज्याच्या शेजारी मी वाकळेत झोपायचो, तो असा मरता मरता वाचला आणि आम्हाला पत्ताही नाही, हे मला त्या रात्री कळलं. मला कितीतरी वेळ झोप लागली नाही.

त्याने धाब्यावरून प्लास्टिकच्या दोन बाटल्यांत सोसवेल इतकं गरम पाणी भरून आणलं होतं. त्यातली एक फडक्यात गुंडाळून माझ्या पायांशी सरकवली. पहाटेपर्यंत ती कोमट होती.

पणजीला परतल्यावर मी रबरी गरम पाण्याच्या दोन पिशव्या विकत घेतल्या, एक त्याला आणि एक क्लीनरला. आणखी काय करणार? त्या द्यायला गेलो तेव्हा मावशी दारातच होती. नेहमीप्रमाणे तिने विचारलं, "काय रे, तो रात्रीचा झोपतो कुठे?"

इतकी वर्षं मी "असेल एखाद्या लॉजवर" असं सांगून मोकळा व्हायचो. या वेळी म्हणालो, "तुझ्या वाकळेत."

ती हसली. बाकीचं मी अजून तिला सांगितलेलं नाही.