नाव कोणी ठेवायचं?

एखाद्या शब्दाला कुणी हरकत घेतली की ‘हे पोलिटिकल करेक्टनेसचं फॅड’ म्हणून ती उडवून लावायची रीत पडली आहे. हा शब्दप्रयोग अमेरिकेतून आला. १९७० च्या दशकात तिथली डावी आणि स्त्रीवादी मंडळी तो आपसात वापरत, बरेचदा आपल्यातल्याच कर्मठांना टोचायला. १९९० च्या सुमारास वर्तमानपत्रांनी आणि राजकारण्यांनी त्याची शिवी केली. नाव तिकडचं असलं तरी हे भांडण आपल्या घरात त्याच्याही आधीचं आहे.

जानेवारी १९३८. मुंबई विधानसभेत अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालायचा घाट घातला गेला. डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार निषेध करून सभागृहाबाहेर पडले. शब्द गोड होता, त्यात देवाचं नाव होतं. पण ज्यांना तो लावायचा त्यांनाच तो नको होता. उलट ‘दलित’ या शब्दात तुडवलं गेल्याची वेदना आहे. तरी १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुणांनी तो ‘दलित पँथर’ म्हणून अभिमानाने मिरवला, कारण तो त्यांनी स्वतः उचलला होता. माझ्या लेखी सगळा फरक इथे आहे.

म्हणून एप्रिल २०२३ मध्ये विधवांच्या नावाआधी ‘गंगा भागीरथी’ लावण्याचा सरकारी प्रस्ताव ऐकून मला संताप आला. सन्मान म्हणे! आपल्या लग्नपत्रिका पाहा. निमंत्रकांत काका ‘श्री.’, बायको असो वा नसो. काकू मात्र नवरा असेपर्यंत ‘सौ.’, तो गेला की ‘गं. भा.’. ज्या घरात मंगलाष्टकांना तिला मागे उभं करतात, तिथेच हे नदीचं पवित्र नाव तिच्यापुढे छापतात. बायकांनी कडाडून विरोध केला, ते योग्यच झालं. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला होता. तिथे शब्द नव्हे, वागणं बदलायला घेतलं होतं.

शब्दांनी काही होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. पत्रिकेतली ती दोन अक्षरं गावभर सांगत फिरतात की हिला ओटी भरायला बोलवू नका. पुढची पत्रिका छापायला देण्याआधी घरातल्या त्या बाईला विचारा, तुमचं नाव कसं घालू? ती सांगेल तसंच छापा.