अनाशी ढाकाचा सण

पेसाह जवळ आला की अलिबागच्या इस्रायल आळीत कल्हईवाल्याचा भाता सुरू व्हायचा. नवसागराचा पांढरा धूर, नाकात झोंबणारा त्याचा वास आणि आतून चांदीसारखी लखलखणारी पातेली. आम्हा मुलांना सणाची वर्दी त्यातूनच मिळे. भिंतींना चुना लागे. पावाचा चुरा, पिठाचा कण कुठे राहू नये म्हणून आजी फडताळाचा कोपरान्‌कोपरा पुसून काढी. सगळ्यात शेवटी ती शिरक्याच्या बरणीपाशी येई. तोंडावर स्वच्छ फडके ठेवून सुतळीचे तीन वेढे घट्ट आवळी आणि म्हणे, "आता आठ दिवस हिला कुणी हात लावायचा नाही."

त्या सुतळीला केवढा इतिहास बांधलेला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. नौगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी आमच्याकडे चालत आलेली कथा. पोथ्या नाहीत, हिब्रू विसरलेली. कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणू लागले. त्या काळी पेसाहला आमच्यात 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. अनास म्हणजे आंबट रसाचे भांडे. ते झाकून ठेवायचा सण. मिसर देशातल्या गुलामीतून सुटका हा पेसाहचा गाभा; पण ती गुलामी, मोशे, दुभंगलेला समुद्र, यांतले काहीच त्या नावात नाही. आहे ते फक्त भांड्यावरचे झाकण. कथा विसरली, पण हात विसरले नाहीत. आमचा धर्म मशिदीच्या आधी स्वयंपाकघराने राखला, असे मी म्हणते ते याच्याच जोरावर. (आमच्या प्रार्थनास्थळाला आम्ही मशीदच म्हणतो.)

पुस्तके मागाहून आली. पेसाहच्या रात्री वाचायची पोथी म्हणजे हग्गादा; १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादेत हिब्रूशेजारी मराठी आहे, आणि चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत. ते चित्र मी प्रथम पाहिले तेव्हा डोळे भरून आले. मिसरमधून सुटकेची कथा, आणि तिच्यात आमच्या आजीसारखी बसलेली बाई!

सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या विधिवत जेवणाच्या रात्री माझा जीव मात्र शिऱ्यात अडकलेला असे. हा शिरा रव्याचा नव्हे, खजुराचा. खजूर भिजवायचा, मऊ शिजवायचा, फडक्यातून पिळून काढायचा आणि तो रस मंद आचेवर आटवत बसायचे. पळीवरून तार सुटू लागली, रंग ओल्या मातीसारखा झाला, की उतरवायचा. विटा थापणाऱ्या गुलामांच्या चिखलाची ती आठवण. कडू पाला त्यात बुडवून आबा प्रत्येकाच्या हातावर ठेवत. आधी गोड लागे, मग जिभेच्या मुळाशी कडू उतरे. सर्वांत धाकट्याने चार प्रश्न विचारायचे, म्हणून ते काम माझ्याकडे. मी मराठीत विचारी, आबा मराठीत उत्तर देत. दारू नसे; मनुकांच्या सरबताचे चार पेले. मिसरवर आलेल्या दहा अरिष्टांची नावे घेताना एकेक थेंब ताटलीत पडे, कारण दुसऱ्याच्या दुःखावर आपला पेला भरलेला ठेवू नये, असे आबा सांगत.

आळीतली बहुतेक घरे आता बंद आहेत. माझी बहीण इस्रायलमध्ये लोदला राहते. तिकडे सण सातच दिवसांचा. तिची नातवंडे चार प्रश्न हिब्रूत विचारतात, पण खजुराच्या वाटीला शिराच म्हणतात. मी ठाण्यात आहे. आजीची बरणी माझ्याकडे आहे, आणि आबांची हग्गादाही, शिऱ्याचे डाग पडलेली.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशी मराठी हग्गादा असेल, तर ती रद्दीत घालू नका. डाग असले तर मुळीच नको.