प्रकाशाला आपलं काय?

नंदुरबारहून शहाद्याकडे निघालं की तापीचा पूल ओलांडल्यावर प्रकाशा लागतं. गाव फार मोठं नाही, पण नाव मोठं. खानदेशात त्याला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. इथं गोमाई नदी तापीला मिळते. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर ही इथली नावाजलेली शिवमंदिरं. घाटावर कुणाचा ना कुणाचा दशक्रिया विधी चालू असतो, कुणी अस्थी घेऊन आलेलं असतं. बॅरेजनं अडवलेलं तापीचं पाणी समोर संथ पसरलेलं दिसतं.

प्रकाशाला जातोय म्हटल्यावर मामूंनी विचारलं होतं, “वहाँ अपना क्या है?” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. खुलताबाद किंवा अजमेर म्हटलं असतं, तर हा प्रश्न आला नसता, एवढंच. घाटावर तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत भेटला. तिथं बसलेल्या एका बाबांनी विचारलं, “कोणाचं आहे?” म्हणजे कोणाच्या क्रियेला आलात. “कोणाचं नाही बाबा, बघायला आलोय.” मग त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. ते जरा थांबले. “तुमच्यातलं फार कुणी येत नाही इकडं,” म्हणाले, आणि केदारेश्वराची वाट दाखवली. रागलोभ कुठंच नव्हता. पण मामूंचा आणि बाबांचा हिशेब एकच होता. देवळं त्यांची, कबरी आपल्या. वाटणी कधी झाली, कुणी केली, हे दोघांनाही विचारायचं सुचलं नव्हतं.

प्रकाशाच्या मातीला मात्र ही वाटणी ठाऊक नाही. 1955 साली भारतीय पुरातत्त्व विभागाचे बा. के. थापर यांनी इथल्या टेकाडाचं उत्खनन केलं. सगळ्यात खालच्या थरात ताम्रपाषाण युगातली वस्ती सापडली, इसवी सनाच्या हजाराहून अधिक वर्षं आधीची. रंगवलेली मडकी, दगडाची लहान पाती. काही मडकी माळवा पद्धतीची, काही जोर्वे पद्धतीची. जोर्वे म्हणजे आपल्या संगमनेरजवळचं गाव. नर्मदेकडची आणि प्रवरेकडची माणसं, निदान त्यांची भांडी, तेव्हाच तापीकाठी भेटली होती. वरच्या थरांत लोखंड आलं, मग पुढच्या शतकांतल्या वस्त्या, थेट अकराव्या शतकापर्यंत. पहिल्या थरातला माणूस कुणाला हात जोडत होता, हे त्याचं मडकं सांगत नाही. तो आज गावातल्या कुणाचा पूर्वज, हेही सांगत नाही. मग त्याच्यावर हक्क कोण सांगणार?

तापीच्या काठानं वरच्या अंगाला गेलं की शिरपूर तालुक्यात थाळनेर लागतं. इथं काठावर किल्ल्याचे पडके अवशेष आहेत आणि जवळ फारुकी घराण्याच्या कबरी. 1370 च्या सुमारास फिरोजशहा तुघलकानं मलिक राजा याला हा मुलूख दिला आणि खानदेशची स्वतंत्र सत्ता इथून उभी राहिली. आपल्याकडच्या पोरांना ताजमहाल पाठ असतो. मात्र ज्या घराण्यानं आपल्या मुलखावर दोनशे वर्षं राज्य केलं, त्याच्या कबरी हाकेच्या अंतरावर असूनही ती तिकडं फिरकत नाहीत. म्हणजे जे ‘आपलं’ म्हणून वाट्याला घेतलं, तेही आपण सांभाळलेलं नाही.

मलिक राजाच्या मुलानं, नासिर खानानं, याच नदीवर आणखी वर बऱ्हाणपूर वसवलं. नाव दिलं खुलताबादला विसावलेल्या बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संताचं. शहर आता मध्य प्रदेशात आहे, पण तिथं मराठी अजून कानावर पडते. शाही किल्ला, महाल, मंदिरं, मशिदी असं सगळं तिथं आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. 1590 च्या सुमारास राजा अली खान फारुकीनं बांधलेल्या जामा मशिदीत अरबी शिलालेखाच्या खाली एक संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. सुरुवात सृष्टिकर्त्याला वंदन करून होते. पुढं फारुकी घराण्याची वंशावळ येते. काळ विक्रम संवतात आणि शकात, तिथीसह दिलेला आहे. मशिदीच्या भिंतीवर, सुलतानाच्या हुकमानं. त्याला संस्कृत परकी वाटली नाही, आणि ती कोरणाऱ्याला मशीद.

फारुकी काही संत नव्हते. राज्य करणारे होते, लढाया करणारे होते. पण आपण कुणावर राज्य करतो आणि ती माणसं कोणती भाषा, कोणतं पंचांग वापरतात, याचं भान त्यांना होतं. आज जुन्या वास्तूचं नाव निघालं की आधी ती कुणाची, यावर भांडण होतं. अशा वेळी मुसलमानानं देवळाच्या गावात पाहुण्यासारखं अंग चोरून फिरणं आणि हिंदूनं थाळनेरच्या कबरींकडं पाठ फिरवणं, दोन्ही त्या भांडणाला बळ देतं.

शहादा-शिरपूरकडच्या शिक्षकांना एक सुचवावंसं वाटतं. मुलांची सहल लांब नेता तशी एकदा तापीकाठानं न्या. सकाळी प्रकाशा, दुपारी थाळनेर. सलीम आणि संजय एकाच बाकावरचे असतील तर दोन्ही ठिकाणी दोघांना आत जाऊ द्या. सवड मिळाली तर बऱ्हाणपूरला जाऊन तो शिलालेखही दाखवा. वाचता आला नाही तरी चालेल, तो कुठल्या भिंतीवर आहे एवढं त्यांच्या लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.