जुना पत्ता

आमच्या शाळेचं संकेतस्थळ एका माजी विद्यार्थ्यानं कुवेतला जाण्यापूर्वी करून दिलं होतं. नावाची नोंदणी त्याच्या स्वतःच्या ईमेलवर, आणि दरवर्षीचे पैसेही तोच गुपचूप भरत होता. गेल्या वर्षी संस्थेनं 'डॉट ईडीयू डॉट इन' असलेलं नवं नाव घेतलं. शिक्षणसंस्थेची कागदपत्रं पाहून अर्नेट इंडिया हे नाव देते. संगणक मला थोडाफार कळतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या गळ्यात पडलं.

कुवेतहून मुलानं कोड पाठवला आणि जुनं नावही संस्थेकडे आलं. त्यावर येणारं टपाल नव्या पेटीत वळवलं. अशी नोंद बदलली तरी काही सर्व्हर तासन्‌तास जुनीच धरून बसतात, म्हणून जुनी पेटी लगेच बंद केली नाही.

सभेत आमचे एक बुजुर्ग सदस्य म्हणाले, "मास्तर, आता जुनं नाव सोडून द्या. दरवर्षी पैसे कशाला?"

"चाचा, हे बघा," म्हणत मी पेटी उघडली. मस्कतहून एकानं दाखल्याची प्रत मागितली होती. दुसऱ्याच्या अब्बांची जन्मतारीख दाखल्यावर चुकलेली. सोबत पासपोर्टची प्रत. सगळं जुन्या पत्त्यावर.

"नाव सोडलं तर उद्या कोणीही विकत घेईल. मग ही पत्रं त्याच्या हाती."

चाचांनी पासपोर्टवरचा फोटो निरखून पाहिला. "हा आपल्या मोहल्ल्यातला!" मग म्हणाले, "पाच वर्षांचे एकदम भरा."

भरले. कुवेतच्या मुलाला नव्या पत्त्यावरून कळवलं. त्याचं उत्तर आलं, जुन्याच पत्त्यावर.